शमुवेलचं नाव

बंगळूर, १२ डिसेंबर १९६२

प्रिय आईस, दावीदचा प्रेमाचा सलाम.

आम्ही इथे बरे आहोत. बाळ आता कुशीवर वळतं. त्याच्या पहिल्या नाताळासाठी सगुणाने पांढरं झबलं शिवलंय. करंज्या शेजारच्या अक्का करून देणार आहेत. तुझा गुडघा कसा आहे? बाबा नीट जेवतात ना?

नाताळच्या दिवशी बाप्तिस्मा आहे, तेव्हा बाळाला शमुवेलचं नाव द्या, असं तू लिहिलंस. ते मी सगुणाला वाचून दाखवलं. सगुणा म्हणाली, "भाऊजी बेपत्ता आहेत, एवढंच सैन्याने कळवलंय. उद्या ते दारात आले तर त्यांना काय हाक मारायची?"

आई, मला तिच्याइतकी आशा धरता येत नाही. चीनच्या सरहद्दीवरून आलेले जखमी जवान इथल्या लष्करी इस्पितळात आहेत. सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन शमुवेलची चौकशी करतो. कुणालाच काही ठाऊक नाही.

तरी बाळाचं नाव आम्ही प्रभाकर ठेवतोय. रागावू नकोस. शमुवेलचं नाव त्याचं त्यालाच राहू दे.

आणि दारावरचा नाताळचा ताऱ्याचा कंदील दरवर्षी शमुवेलच लावायचा, पण तो नाही म्हणून यंदा दार अंधारात ठेवू नका. बाबांना लावायला सांग.

देव तुम्हां दोघांना धीर देवो.

तुझा,
दावीद