झिजलेल्या वस्तू आणि एक घागर

गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
दिनांक १८ एप्रिल २०२६, शनिवार

दिवाळीपासून डायरीत एक ओळ लिहिली नाही. आधी त्या डायरीची माफी मागते. इतक्या दिवसांनी लेखणी उचलली ती या मृत्युपत्रासाठी, याचीही.

मी, संध्या विश्वंभर बेंगाळ, वय सेहेचाळीस, येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. पुढील मजकूर कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, माझ्या मर्जीने आणि माझ्याच अक्षरात लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मंगळवारी नांदेडला माझ्या डोक्यातील गाठ काढणार आहेत. त्यानंतरच्या चित्ताची हमी डॉक्टर देत नाहीत, म्हणून मीही देत नाही. आजची देते.

१. माझी मुलगी कोमल सोळा वर्षांची आहे. माझ्यामागे तिचा सांभाळ माझी सहकारी दीक्षा खिल्लारे हिने करावा. होकार देताना दीक्षा म्हणाली, "लेकरू माझ्याकडं राहील. पण तू वापस ये बाई, मला हिचं गणित जमत न्हाई." कोमलला माझे दीर माऊली यांच्याकडे पाठवू नये. कारण कलम तीनमध्ये आहे.

२. पोस्टातील बचत, कानातले, शिलाई मशीन आणि पुस्तके कोमलला. शब्दकोश दीक्षाला, कारण तो तिचाच आहे.

३. घर. पहिल्या मसुद्यात मी घर कोमलला देऊन टाकले होते. हिंगोलीच्या पुनमचंद वकिलांनी ते वाचून चष्मा काढला.

"बाई, घर कुणाच्या नावावर?"

"यांच्या."

"मग जे तुमचं न्हाई, ते तुमी कसं देऊन राहिल्या?"

घर माझे पती विश्वंभर यांच्या नावावर आहे. ते पाण्याच्या मोटारींचे वाइंडिंग करत. नऊ वर्षांपूर्वी तांब्याची तार आणतो म्हणून आखाडा बाळापूरला निघाले, जीपमध्ये बसले, आणि परत आले नाहीत. पोलीस, दवाखाने, नातेवाईक, सगळीकडे विचारून झाले. सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला न्यायालय मृत धरू शकते, पण तसे कोणीतरी मागावे लागते. मी मागितले नाही.

समोरच्या खोलीत माऊली खताची पोती ठेवतात. खोली रिकामी करा म्हटले की सांगतात, "दादा येतेत वहिनी. त्यायच्या घराचा निकाल तुमी काहून लावून राहिल्या?" मला जे वाक्य ऐकायचे असते ते बोलणारा हा एकच माणूस उरला आहे, आणि तो पोत्यांसाठी बोलतो. मी गेले आणि विश्वंभर कागदावर जिवंत राहिले, तर कोमलला या घरासाठी एकटीने काकाशी भांडावे लागेल. ते टळावे म्हणून सोमवारी, त्यांना मृत धरावे या अर्जावर, मी सही करणार आहे. घर आम्हा दोघींचे ठरले की माझा वाटा कोमलला.

सही करणार, असे लिहिले. हात तयार आहे की नाही, ते अजून कळत नाही.

४. अकरावीच्या वर्गातील लाकडी पेटी. दीर्घ काळाचा परिणाम सांगणारे इंग्रजी शब्दप्रयोग फळ्यावरून मुलांच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा मी म्हटले होते, घरातून काळ घेऊन या. त्या वस्तू ज्याच्या त्याला परत द्याव्यात.

विकासच्या आजीचा विळा. पाते चिंचेच्या शेंगेएवढे उरले आहे. त्याने चिठ्ठीवर 'विथ टाइम' लिहिले होते. मी विचारले, "काळानं झिजला का रे?"

"न्हाई मॅडम. आजीनं झिजवला. काळ नुसता बांधावर बसून होता."

वर्ग हसला. चिठ्ठीवर 'थ्रू यूज' आले, म्हणजे वापरातून. तो विळा आजीच्याच हातात द्यावा.

घंटा वाजवायचा हातोडा आमचे शिपाई किसनसिंग यांना. त्यावर 'ओव्हर द इयर्स' लिहिले आहे, वर्षांमागून वर्षे. प्रतिक्षाच्या घरची पितळी ताटली, जिच्यावरचे नाव राखेने घासून गेले, प्रतिक्षाला परत द्यावी. 'डाउन द जनरेशन्स', पिढ्यांतून खाली उतरत आलेली.

इंग्रजीत वर्षांच्या आधी एक लहानसा शब्द ठेवावा लागतो. वर्षे अंगावरून गेली, की तुम्ही त्यांच्यातून गेलात, की ती नुसती सोबत चालली, हे सांगितल्याशिवाय सुटका नाही. आपण 'काळाच्या ओघात' म्हणतो आणि त्यात कोणी काही केलेले नसते. मला ते सोयीचे होते. प्राचार्य दरवर्षी यांच्याविषयी विचारत आणि 'विथ टाइम, मॅडम' म्हणून मान हलवत. मी मान डोलवत असे. माझ्या वर्गात मी त्यावर लाल रेघ मारली असती.

५. विश्वंभर यांचे पाने, पकडी आणि वाइंडिंगचे मशीन कोमलला. घरातला पंखा तार गुंडाळून तिनेच दोनदा बांधला आहे. विकू नयेत.

दाराशी त्यांच्या चपला आहेत. त्या दिवशी बूट घालून गेले होते. मागच्या महिन्यात झाडताना कोमल म्हणाली, "आई, ह्यांचे तळ फुटले. कोणी घालत तर न्हाई, मग कशानं फुटले?" 'फ्रॉम डिसयूज', न वापरल्याने. हे मला शिकवता येते. मुलीसमोर बोलता आले नाही.

तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. माझे वाट पाहणे वापरून झिजले, की न वापरता दाराशी पडून फुटले? कदाचित मी वाट पाहणे केव्हाच सोडले असेल, आणि फक्त सही टाळण्याला वाट पाहणे म्हणत आले असेन. उत्तर सापडले नाही. सापडल्यासारखे लिहिणार नाही.

६. उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. गेलेल्या माणसांच्या नावाने आपल्याकडे मातीची घागर भरतात. आमच्या घरी सासऱ्यांची एक असे. सासूबाई गोजरबाई कुंभाराला दरवेळी बजावत, "एकच दे. माझं लेकरू येऊन राहिलं." तीन वर्षांपासून सासूबाईंचीही भरतो, म्हणून दोन.

सोमवारी कोर्टात मृत आणि उद्या घरात जिवंत, असे दोन ठिकाणी दोन बोलणे मला जमणार नाही. कोमलला दुपारी सांगितले. ती बराच वेळ मशीनचा दांडा फिरवत राहिली.

"अन् पप्पा आले तं?"

"आले तं घागर त्यांच्याच हातानं फोडू."

"पक्कं?"

"पक्कं."

मी नसले तर हा शब्द कोमलने पाळावा. या मृत्युपत्रातील एवढे एकच कलम मी हक्काने मागते.

वरील मजकूर वाचून पाहिला. खाडाखोड नाही. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

संध्या विश्वंभर बेंगाळ (सही)

साक्षीदार:
किसनसिंग ठाकूर, शिपाई, रा. गोरेगाव (सही)
पद्माबाई मुळे, शेजारीण, रा. गोरेगाव (अंगठा)

उद्या: कुंभाराकडून तीन घागरी आणणे.