व्याह्यांची शेवटची मालगाडी

३ मार्च १९९६, रविवार
आज ठरलं. व्याही आनंदराव ३१ तारखेला रेल्वेतून रिटायर होणार. गार्ड. उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढला, पण गाडीबरोबरचा एक फोटो नाही. मेघना म्हणाली, बाबा, निरोपाला तसा फोटो फ्रेम करून दिला तर? पण त्यांना आधी कळता कामा नये. वैशाखात तिचं त्यांच्या मुलाशी लग्न आहे, लेकीचा शब्द पडू द्यायचा नाही. हो म्हणालो. मेहुण्याचा याशिका कॅमेरा आणला.
मालगाडी कधी येईल ते स्टेशनातही कुणी सांगत नाही. मला गरज नाही. विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय हे मी रस्त्यावरून सांगतो. याच कानांवर एमआयडीसीत रिवाइंडिंगचं दुकान उभं केलं. मालगाडी म्हणजे मोठी मोटारच.

६ मार्च
गाडी आली आणि गेली. मी कळंबला होतो, तात्याबांची मोटार जळाली होती. फाटकवाला बिरू म्हणाला, आबा, आनंदराव सोता हुते, दारात उभं, तोंडावर निस्तं ऊन. असा फोटू आला असता म्हणता.
मुद्दाम सांगतो. या महिन्यात बारामतीबाहेर काम घेणार नाही.

८ मार्च
इंदापूरचं काम घेतलं. माणूस ओळखीचा. गाडीही आली नाही, म्हणजे निर्णय बरोबर.

१२ मार्च, सकाळी
दुकानात बसल्या बसल्या ऐकलं. लांबून धडधड, जड माल, दौंडकडून. गिऱ्हाइकाची मोटार उघडी टाकून लुनावर फाटक गाठलं. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या.
बिरू म्हणाला, ह्येचा बी काढा की, चाकं तर हायेत.
कानाचा दोष नाही. ट्रॅक्टरचा सायलेन्सर गेलाय.

१७ मार्च
गाडी सापडली. खताची, लांबलचक, फाटकापुढं सिग्नलला उभी. गार्ड दुसराच होता, पण सराव म्हणून कॅमेरा बाहेर काढला. तिथं चुकलो.
कॅमेरा दिसल्यावर माणसं तोंड धुऊन, भांग पाडून आली. इंजिनापुढं ओळीनं ताठ. इंजिन दिसेना. सावळाराम शेळी घेऊन आला. गेणबा टोपी बदलायला घरी गेला, येईस्तोवर गाडी गेली होती, तरी त्याचा काढावा लागला. नाही कुणाला म्हणणार? सगळे गिऱ्हाईक.
रोलमध्ये एक फोटो उरला. बायको, तुळसा, म्हणाली, अहो, दुसरा रोल आणून ठेवा. जुना संपल्याशिवाय नवा आणायचा नाही, ही आमच्या घरची रीत. तेलाचा डबा असो नाहीतर रोल. आणि नेम असला की एक पुरतो.

२८ मार्च, गुरुवार
होणारा जावई सुमितचा निरोप आला. आज वडिलांची शेवटची ड्यूटी, गाडी दौंडहून बारामतीला. आज नाही तर कधीच नाही.
उजाडल्यापासून रुळाशेजारच्या बाभळीखाली आहे. तुळसा डबा घेऊन आलीय. म्हणते, जेवा, पण जागं राहा. मी म्हणालो, माझी झोप कुत्र्याची. डोळे मिटले की कान जास्त उघडतात.

तीच तारीख, संध्याकाळ
गाडी माझ्यासाठी थांबली. एका फोटोग्राफरसाठी अख्खी मालगाडी थांबल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.
ड्रायव्हरला रुळाशेजारी माणूस आडवा दिसला, एवढंच कारण. ब्रेक लागेस्तोवर जवळजवळ सगळी गाडी पुढं गेली, गार्डचा डबा माझ्यापाशी येऊन उभा. मी डोळे उघडले तर डोक्याशी व्याही, हातात लाल झेंडी, चेहऱ्याचा रंग उडालेला. म्हणाले, पाव्हणं, हाय का न्हाय तुमी?
म्हणालो, आहे.
हितं काय करताय?
फोटोचं सांगायचं नव्हतं. म्हणालो, सहज आलो होतो.
त्यांनी घड्याळात बघितलं. आपल्या हातून गाडी कधी खोळंबली नाही, याचा त्यांना मोठा अभिमान. आज खोळंबली. ते डब्याकडं वळले तसा मी तुळसाच्या हातातून कॅमेरा घेतला. बटण दबेना. तुळसा म्हणाली, मी दाबला एक. तुम्हाला हलवून हलवून दमले, तुम्ही काही उठंना.
शेवटचा फोटो. तिनं जन्मात कॅमेरा धरलेला नाही. आला तर अंगठा येईल. मेघनाला काय सांगू? घरी येऊन जेवलो नाही.

३१ मार्च, रविवार. निरोप आटोपून दौंडहून, व्याह्यांच्या घरून परत
मला न विचारता मेघनानं रोल धुऊन फोटो फ्रेम करून आणला होता. अंगठा आलेला नाही. गार्डचा डबा स्वच्छ. गणवेशातले आनंदराव, झेंडी, चेहऱ्यावर काळजी. सगळी नोकरी त्या चेहऱ्यावर आहे. पायाशी मी, तोंड उघडं.
आनंदरावांनी चष्मा पुसला, परत बघितलं. मग सगळ्यांना म्हणाले, कुठल्या सायबासाठी गाडी थांबवली न्हाय. थांबवली ती व्याह्यासाठी.
सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. फ्रेम लगेच दारासमोरच्या भिंतीवर लागली.
निघताना म्हणाले, लग्नात फोटो तुळसाबाई काढतील. मी विचारलं, मग माझ्याकडं काय?
म्हणाले, तुमी निस्तं जागं ऱ्हावा.