वरचं माप

जेसल पार्क, भाईंदर पूर्व
८ डिसेंबर २०२५

ती. शैलाताईस काशीनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांचं आणि फोनचं काही जमत नाही, म्हणून पत्र. गेल्या डिसेंबरात पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली, तेव्हा मांडीतून नळी घालून तिला आतून अस्तर लावलं, ते टिकून आहे. जूनच्या स्कॅनमध्ये सात सेंटिमीटरचा फुगा सहावर आला. रिपोर्टची झेरॉक्स सोबत पाठवतोय.

आता वर्षाचा स्कॅन करायला सांगितलाय, पण मी जाणार नाही. हाटकेशच्या कारखान्यात चाळीस वर्षं कटिंग मास्तर होतो. कापड एकदा आटलं की माप बसलं. सूनबाई रोज मागे लागते; संजनाला तूच समजाव.

तुझा रागही लोभच समजणारा,
काशीनाथ

गुहागर
१५ डिसेंबर २०२५

चि. काशीनाथ यास अनेक आशीर्वाद.

संजनाला कशाला, तुलाच चार शब्द सुनावते. झेरॉक्स आपल्या नीलिमाला दाखवली, ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, फुगा आटला हे चांगलंच. पण त्याच्या वर, जिथे अस्तर धरून बसतं, तिथे रक्तवाहिनी चोवीस मिलिमीटरची सत्तावीस झालीय. अस्तर सरकलं तर रक्त पुन्हा फुग्यात शिरेल. मास्तर, लेंग्याचा घेर आटला आणि कंबर सैल झाली, तर लेंगा अंगावर राहील का? अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

आई गेल्यापासून मला माहेर म्हणून तूच उरलायस. स्कॅन कर.

भांडायला भाऊ हवा असलेली,
ताई

जेसल पार्क
२६ डिसेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. न.

संजनाबरोबर जाऊन आलो. वरचं माप आता एकोणतीस. अस्तर जरासं सरकलंय, गळत मात्र नाही. वरून आणखी एक तुकडा जोडू, असं डॉक्टर म्हणाले.

एक कबूल करतो. माप वाचायला मी चुकेन होय? वरचा आकडा जूनमध्येच दिसला होता. घरात कुणाला सांगवेना. तुला झेरॉक्स पाठवली ती म्हणूनच.

पाच जानेवारीला ऑपरेशन आहे. मागच्या वेळी शुद्धच नव्हती, घाबरायला सवड मिळाली नाही. या वेळी आपल्या पायांनी चालत जायचंय. ताई, तू ये.

तुझा,
काशी