दोन ओळींचा राक्षस

शुक्रवार, ३ जानेवारी
सापडला. जुन्या इंग्रजी पुस्तकात, जमिनीखालच्या प्राण्यांच्या यादीत, सगळ्यात शेवटी. नाव धड उच्चारता येत नाही. माहिती दोनच ओळी: आंधळा, आवाजावर येतो. चित्र नाही. नेटवर काहीच नाही. म्हणजे कल्पिता मोबाइल काढून "दादा, तसं नाहीये" म्हणू शकणार नाही.
दीड वर्ष दर रविवारी कोलशेतला, हर्षितच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये मी गोष्ट सांगतो. कल्पिता, हर्षित आणि सम्यक आपापलं पात्र खेळतात, फासे पडतील तसं पुढे घडतं. पण रिस्पेक्ट नाही.
संकल्प: कोणाला मारायचं नाही. फक्त घाबरवायचं.

रविवार, ५
तिघांच्या पात्रांना राक्षसाच्या गुहेत उतरवलं. कल्पिता म्हणाली, आंधळा आहे तर आम्ही गप्प बसतो. मी सांगितलं, त्याला श्वास ऐकू येतो. श्वास रोखला. मग सांगितलं, हृदयाचे ठोकेही. हर्षितने विचारलं, कुठे लिहिलंय? म्हटलं, लिहिलेलं नाही, हीच तर मजा.
फासे वाईट पडले, सम्यकचं पात्र असलेली वैदू मेली. तिचं नाव शकू, त्याच्या आजीचं. आजी मोहने गावात सुईण होती, गेल्या मार्चमध्ये गेली. फासे परत टाकू का, असं त्याने एकदा विचारलं. नियम सगळ्यांना सारखा. राक्षसाने तिला कसं खाल्लं ते मी आठ मिनिटं सांगितलं. सम्यकने शकूचा कागद घडी करून खिशात ठेवला. गोष्ट भिडली.

मंगळवार, ७
सम्यकला मेसेज: मन मोकळं झालं ना? ब्लू टिक. आभार कसे मानावेत ते सुचत नसेल.

रविवार, १२
सम्यकची परीक्षा, गेम कॅन्सल. नोकरीला लागून दोन वर्षं झाली त्याला. डिपार्टमेंटल असेल.
राक्षसाची अकरा पानं लिहिली.

रविवार, १९
क्लब हाउसला रंग लावतायत म्हणे. माझ्याकडे विठ्ठलवाडीला या म्हटलं. कल्पिता म्हणाली, लांब पडतं. आईने विचारलं, आज जायचं नाही का? म्हटलं, मुलांना ब्रेक दिलाय.

रविवार, २६, दु. ४
रंग कसा झालाय बघायला गेलेलो. गेटवर हर्षितचे वडील, काळुरामशेठ. म्हणाले, "रंग? कसला रंग? पोरां आतमदी खेलतान."
तिघंही होते. गोष्ट कल्पिता सांगत होती. सम्यक शकूच्या आवाजात कोणाला तरी दटावत होता आणि हर्षित पोट धरून हसत होता. मला बघून थांबले.
मी म्हटलं, अरे, ती मेलीय.
कल्पिता म्हणाली, "दादा, तुम्ही सांगितलेलं सगळं काढून टाकलंय. पहिल्यापासून."
मी विचारलं, दीड वर्षाचं सगळं? हो म्हणाली. आवाजात राग पण नव्हता.
हर्षितने चहा विचारला. नाही म्हणायला हवं होतं. चहा येईपर्यंत कोणी फासे उचलले नाहीत. माझ्यामुळे खेळ अडलाय हे दिसत होतं, म्हणून गरमच प्यायलो. जीभ भाजली.