खांद्याच्या वरची भिंत

अहो,

उठल्यावर गिलाव्याची थापी शोधू नका. मी घेऊन गेलेय.

तुम्ही झोपला होतात तेव्हा घराची बाहेरची भिंत वाजवून पाहिली. परवा तुम्ही गिलावा केलात आणि तेव्हापासून तिच्याकडे पाठ करून बसताय, म्हणून शंका आली. खांद्याच्या उंचीपर्यंत कशी टणक वाजते! त्याच्या वर मात्र सगळी पोकळ, रिकाम्या डब्यासारखी. सिमेंट-वाळूचा माल जोरात मारायचा, खालून वर दाबत न्यायचा, म्हणजे आत हवा राहत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

माल खराब होता म्हणू नका. तो मी कालवला होता.

हात वर जात नाही ना? त्या दिवशी कामावर पडलात तेव्हापासून? शर्टसुद्धा हल्ली दार लावून घालता. मला काय आंधळी समजलात? तुम्ही एक नंबरचे

(ही ओळ अर्धीच राहू दे. रागात लिहीत होते.)

आज त्या उंच इमारतीच्या परांचीवर तुम्ही चढणार नाही. मुकादमाला तेच सांगायला चाललेय. बायको आजारी आहे म्हणेन. बायको स्वतःच सांगायला आली हे त्याला खटकलं, तर खटकू दे. तुमच्या खांद्याचं नाव काढणार नाही.

पुढच्या दाराने जाऊ नका, वरचा गिलावा कधीही सुटेल. संध्याकाळी तेवढा खरवडून काढू. नवा माल मी मारते. तुम्ही खाली खुर्ची टाकून माझ्या चुका काढा. ओरडायला खांदा लागत नाही.