पाठयंत्र उडते किंवा कसे

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, खामगाव,
जिल्हा बुलढाणा.

अर्जदार : निवृत्ती पुंजाजी डवंगे, धंदा सरकी काढण्याच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, कापूस तोलणे, शिक्षण मराठी सहावी पास व सातवीस बसलेला, राहणार पिंपळगाव राजा, तालुका खामगाव.

विषय : माणसाने पाठीवर बांधून उडावयाचे यंत्र आजपासून शंभर वर्षांनी व्यवहारात चालण्याजोगे होईल किंवा कसे, याबाबत सरकारी अभिप्राय मिळून अर्जदाराचा मोडू पाहणारा संसार सावरण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझा पूर्वीचा अर्ज, जो कापूस बाजाराच्या कचेरीतून "सदर माल कापूस नसल्याने विचार करता येत नाही" असा शेरा होऊन परत आला.

महोदय,

साष्टांग नमस्कारपूर्वक विज्ञापना ऐसी की, अर्जदार हा वेडा नसून पूर्ण शुद्धीवर राहून खालील मजकूर सादर करीत आहे.

१. आमच्या गावी रहेमतुल्ला शिंपी यांचे दुकान असून त्यात कापड बेतण्याचे लांबरुंद मेज आहे. शुक्रवारी नमाजानंतर दुकान बंद असते. त्या वेळी आम्ही चार इसम मेजाभोवती बसून एक खेळ खेळतो. तो मी स्वतः रचला असून त्यास 'पुढील शतकाचा पट' असे नामाभिधान दिले आहे. यात जुगार नाही, पैशाची देवघेव नाही, तंबाखूसुद्धा मेजाखाली ठेवावी लागते. शिंप्याच्या खडूने मेजावर आपल्या जिल्ह्याचा शंभर वर्षांनंतरचा नकाशा काढतात. त्यात जलंबहून खामगावास येणारी आगगाडी विजेवर धावते व पूर्णा नदीवर दुमजली पूल आहे. प्रत्येक गडी एका बटणास आपला माणूस मानून त्याच्या तोंडाने बोलतो व त्याच्या अकलेने वागतो. संकट आले की कवड्या टाकून तो तरला की बुडाला हे ठरते. संकटे आणण्याचे काम माझेकडे असल्याने मला पटप्रमुख म्हणतात. साहेब, आयुष्यात मला प्रमुख असे दुसरीकडे कोठेही म्हटले गेलेले नाही.

२. रहेमतुल्ला यांचा माणूस डॉक्टर आहे. गावचे शेतवाले किसनराव यांचा माणूस पूर्णेच्या पुलावरील नाकेदार असून येणाऱ्या-जाणाऱ्यास उलटसुलट प्रश्न विचारून तो भंडावून सोडतो. तिसरे गडी उत्तमराव हे माझ्या धर्मपत्नी सौ. सत्यभामाबाई यांचे सख्खे बंधू, मूळचे जळगाव जामोदचे, परंतु कामानिमित्त आमचेच घरी राहणारे. त्यांचा माणूस जासूद आहे. त्याने खामगावाहून गुप्त निरोप घेऊन सातपुड्याच्या पायथ्यास जावे व नाकेदाराने त्यास पुलावर गाठावे, यातच खेळाचा सर्व रस होता.

३. गुप्त चाल सांगण्याकरिता आम्ही कापूस बाजाराचीच रीत ठेविली आहे. हुजुरांस विदित आहेच की, बाजारात दोघे जण रुमालाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवितात व रुमाल उचलल्यावर तो भाव ब्रह्मदेवासही बदलता येत नाही. मात्र गाठोडे सोडल्यावर आतील माल नमुन्याबरहुकूम नसेल तर घेणाऱ्यास वांधा काढता येतो आणि वांधा खरा ठरल्यास सौदा मोडतो. आमच्या खेळातही गड्याने पटप्रमुखाचा हात रुमालाखाली धरून मागणे मागावयाचे व मी बोट दाबले की ते मंजूर, असा नियम आहे.

४. दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी उत्तमरावांनी माझे कानाशी लागून, आपल्या जासुदास पाठीवर बांधून उडण्याचे यंत्र असावे, असे मागणे मागितले. अमेरिकेत एक इसम असे यंत्र बांधून क्षणभर उडाल्याचे वर्तमान मी पंचायतीच्या वाचनालयात वाचलेले होते. मला ती कल्पना अत्यंत मनोहर वाटली. मी बोट दाबले. रुमाल उचलला. येथूनच माझ्या अधःपाताचा प्रारंभ झाला.

५. त्या दिवसापासून जासूद पुलावर येतच नाही. तो खामगावाहून निघतो आणि सर्वांचे डोक्यावरून सरळ सातपुड्यावर उतरतो. संकट आणावे तरी कोठे? आभाळात नाका नाही, चिखल नाही, कुत्रेही नाही. डॉक्टरास रोगी मिळेना. किसनराव संतापून जे बोलले ते जसेच्या तसे नमूद करतो : "मी काय आता आभाळाकडं तोंड करून थांब थांब म्हणून बोंबलू काय बे निवृत्ती? यापरीस घरी जाऊन ढोरं धुतलेली बरी!" त्यांनीच मला सल्ला दिला की, यंत्र चालण्याजोगे नाही असे सिद्ध कर, म्हणजे माल नमुन्याबरहुकूम नाही असा वांधा निघून सौदा आपोआप मोडेल.

६. सबब मी यंत्राविरुद्ध पुढील मुद्दे मांडले. माणसास पाठीवर पेलेल इतके तेल गावाची शीव ओलांडेपर्यंतच पुरणार. मागून निघणाऱ्या ज्वाळेने धोतर पेट घेणार. उन्हाळ्यात वावटळीने तो इसम भलत्याच तालुक्यात पडणार. आणि मुख्य म्हणजे खामगावात जागोजाग कापसाच्या गंजी असताना बुडाखाली जाळ घेऊन वरून जाण्यास कोणते सरकार परवानगी देईल? यावर उत्तमराव उत्तरले, "शंभर वर्षांनं धोतर कोन घालते जावईबुवा? अन् गंजीवरून मी कायले जातो, मले काय अक्कल नाही?" रहेमतुल्ला यांनी हात जोडले : "निवृत्तीभाऊ, मेज तुमचीच हाय, पन झगडा बाहेर करा ना! लोक म्हन्तेत शिंप्याच्या दुकानात मारामारी होऊन राह्यली."

७. केवळ तोंडी वाद नको म्हणून मी प्रत्यक्ष प्रयोगही केला. रॉकेलच्या डब्यात पाणी भरून तो पाठीवर बांधला आणि जिनाच्या आवारातील सरकीच्या ढिगावरून उडी मारली. एवढे ओझे घेऊन उतरताना माणसाचे काय होते हे पाहणे, हा हेतू होता. जे होते ते वैद्याच्या दाखल्यात आहे. लंगडतच मी मेजाशी गेलो आणि किसनराव व रहेमतुल्ला यांचे समक्ष जाहीर केले की, यंत्र खोटे, माल खोटा, सौदा मोडला. किसनरावांनी माझी पाठ थोपटली. उत्तमराव उठले व घरून आपली वळकटी घेऊन जळगाव जामोदच्या मोटारीत बसले.

८. साहेब, आता मूळ दुःख. सौ. सत्यभामाबाई या संक्रांतीकरिता माहेरी गेल्या होत्या, त्या परत आलेल्या नाहीत. मी दोनदा निरोप धाडला. उत्तर घेऊन आमच्या शेजारीण सोजराबाई आल्या, ज्यांचे माहेरही जळगाव जामोदचेच आहे. त्यांनी ओट्यावर उभ्याउभ्याच मला पत्नीचे शब्द ऐकविले, ते असे : "मावशी, त्याइले सांगजा. माह्या भावाले हातात हात देऊन देल्लं, अन् मंग चार मान्साइत म्हने माल खोटा. मलेबी हातात हात देऊनच आनलं होतं. उद्या माह्यातबी वांधा काढतीन. मी नाही येत." एवढे सांगून सोजराबाई स्वतःच्या पदरचेही बोलल्या : "खेळन्यातल्या बटनासाठी बायको घालवली रे बाबा तुनं! तुह्या मायनं पाह्यलं असतं त लाटणंच घेतलं असतं."

९. त्या दिवसापासून अर्जदाराची अवस्था वर्णनातीत आहे. तोलताना काटा कोठे थांबतो तेच दिसत नाही. घरात दोन माणसांचा स्वयंपाक अंदाजाने होतो आणि एकाचा शिल्लक राहतो. रहेमतुल्ला समेट कर म्हणतात, परंतु समेटाकरिता यंत्र खरे मानावे तर किसनराव उठून जातात आणि खेळ संपतो. खोटे मानावे तर पत्नी येत नाही. या पेचातून सुटण्याकरिता मी अशी विनंती करण्याचे योजिले होते की, हुजुरांनी सदर यंत्र खामगाव तालुक्यापुरते अव्यवहार्य व जळगाव जामोद तालुक्यापुरते व्यवहार्य असे ठरवून द्यावे. हद्दीचा प्रश्न असल्याने ते कायद्यात बसेल असे मला वाटले होते.

१०. परंतु हा अर्ज लिहिता लिहिता माझे ध्यानात आले की, एवढ्यानेही सौ. सत्यभामाबाई येणार नाहीत. यंत्र उडते की नाही हे त्यांनी विचारलेलेच नाही. बोट दाबले होते की नाही, एवढेच त्या विचारतात. आणि ते मी दाबले होते. तेल पुरणार नाही हे मला त्या वेळीही कळत होते. कळत असताना दिले आणि मग तेल मोजीत बसलो. बाजारात असे करणाऱ्याचे रुमालाखाली पुन्हा कोणी हात घालीत नाही.

११. तरी वर मागितलेला अभिप्राय मी मागे घेत आहे. त्याऐवजी या अर्जाद्वारे मी निवृत्ती पुंजाजी डवंगे, राजीखुशीने व कोणाचे दडपणाशिवाय लिहून देतो की, उत्तमरावांचे यंत्र उडते. ते पूर्णेवरून उडते, सातपुड्यापर्यंत पोचते, त्यास तेल पुरते, आणि त्याखाली कोणाचेही धोतर पेटत नाही. किसनराव उठून गेल्यास त्यांना माझा इलाज नाही.

१२. हुजुरांकडे मागणे एवढेच की, वरील अकराव्या कलमाखाली कचेरीचा गोल शिक्का मारून मिळावा. माझ्या नुसत्या सहीवर आता घरात विश्वास राहिलेला नाही, आणि तो जाण्यास मीच कारण आहे. शिक्क्याने यंत्र उडत नाही हे मी जाणतो. पण सौ. सत्यभामाबाई यांस वाचता येत नसले तरी शिक्का ओळखता येतो. शिवाय मोठ्या कचेरीत जाऊन चार कारकुनांसमोर नवऱ्याने आपली चूक कबूल केली, हे त्यांना त्यावरून समजेल. असा शिक्का मारण्याची सरकारी तरतूद नसल्यास तसे कळवू नये. मी उद्या पहिल्या मोटारीने जळगाव जामोदला जात आहे. दारात उभे करतील तितका वेळ उभा राहीन, आणि शिक्का येवो वा न येवो, अकरावे कलम त्यांना स्वतः तोंडाने वाचून दाखवीन.

हुजुरांच्या एका शिक्क्यावर जीव टांगून असलेला,
आपला नम्र,
निवृत्ती पुंजाजी डवंगे
(सही स्वहस्ते)

पिंपळगाव राजा,
दिनांक ११ फेब्रुवारी १९६४

सोबत :
मेजावरील नकाशाची कागदावर काढलेली नक्कल.
वैद्यांचा दाखला, उजवा घोटा.
तिकीट लावलेले पाकीट. त्यावर माझा पत्ता नसून सौ. सत्यभामाबाईंचा, जळगाव जामोदचा आहे.