उशीविभागाचे प्रमुख

मंगळवार, ३ मार्च. संध्याकाळ.

एका गंभीर अन्यायाची नोंद करून ठेवणं भाग आहे. आज ऑफिसातून आलो तर खिडकीजवळच्या माझ्या वाचायच्या खुर्चीत एक पोतं बसलेलं. पांढरं, फुगलेलं, माझ्यापेक्षा ऐसपैस. आत उशांमध्ये भरायचा फायबरचा कापूस. हिच्या ग्रुपचा. ग्रुपच्या कपाटात जागा उरली नाही म्हणून थोडे दिवस आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे नेमका माझ्या खुर्चीत.

सविनय निषेध नोंदवला. ही म्हणाली, दुसऱ्या खुर्चीत बसा. दुसऱ्या खुर्चीत उजेड डावीकडून येत नाही, हा मुद्दा मांडला. ती मटार सोलत होती. मुद्द्याकडे तिने पाहिलं नाही.

हा ग्रुप म्हणजे त्या आजारातून गेलेल्या बायकांचा. दर मंगळवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतात. गेल्या वर्षी हिचं डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ही जाते. आजाराचं पूर्ण नाव मी लिहीत नाही. संस्कृत काव्यात तो अवयव पानोपानी येतो आणि तिथे मी कधी अडखळलो नाही. पण गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या काउंटरवर मी 'छातीचा विभाग' असं मोघम म्हणालो आणि खोकणाऱ्यांच्या रांगेत आम्ही बराच वेळ उभे होतो. ही काही बोलली नाही. मला वाटतं, तिला माझा संकोच भावला असावा.

संकल्प : एक, खुर्ची परत मिळवणे. दोन, या ग्रुपला शिस्तीची गरज दिसते. जातीने लक्ष घालणे.

ता. क. डॉक्टरांनी हिला उजव्या बाजूची तपासणी सांगितली आहे. एकोणीस तारखेला. काहीतरी हाताला लागलंय म्हणे. असं असतंच, असं ही म्हणाली. असतंच, असं मीही म्हणालो. विषय संपला.

मंगळवार, १० मार्च.

ग्रुपला भेट दिली. स्वागत बरं झालं, म्हणजे कोणी हाकललं नाही.

सगळा कारभार सिस्टर पाहतात. निवृत्त नर्स. स्वतः यातून दोनदा गेलेल्या. आवाज असा की खालच्या वाचनालयातले लोकसुद्धा गप्प बसतात. आधी हातांचे व्यायाम. बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात आणि बोटांनी भिंत चढतात, मुंगी चढावी तशी. जिथवर हात पोचला तिथे पेन्सिलीची रेघ आणि शेजारी आद्याक्षर. हिची रेघ आता वरच्या खुंटीच्याही वर गेली आहे. मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हेही खरं, पण अशा गोष्टी सांगायच्या असतात.

एक बाई लोकरीचं काहीतरी गोल विणत होत्या. किटलीवरची टोपी का, असं मी कौतुकाने विचारलं. ते काय आहे आणि ऑपरेशननंतर रिकाम्या बाजूला कसं घालतात, ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी चहा आणायला गेलो.

'व्याधी आणि धैर्य : काही प्राचीन विचार' या विषयावर पंचेचाळीस मिनिटं बोलण्याची तयारी दर्शवली. सिस्टर म्हणाल्या, व्यायामानंतर बघू. मग म्हणाल्या, चहानंतर. मग हॉल बंद करायची वेळ झाली.

मात्र निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एक जबाबदारी सोपवली. उशा भरणे. ऑपरेशननंतर काखेत एक छोटी उशी धरावी लागते, म्हणजे हात जखमेवर दाबत नाही. ग्रुप प्रत्येकीला एक देतो. त्याचे नियम आहेत. उशीचा अभ्रा जिची उशी तिच्याच जुन्या, आवडत्या कपड्याचा. हॉस्पिटलात काहीतरी आपल्या घरचं जवळ असावं म्हणून. आणि आपली उशी आपण शिवायची नाही, आपण भरायची नाही. ते काम बाकीच्यांचं. प्रथा सुंदर आहे. थोडी विस्कळीत आहे. मी ती मार्गी लावीन.

सिस्टरना माणसाची पारख आहे. एवढ्या लोकांतून मलाच का निवडलं असेल?

शनिवार, १४ मार्च. दुपार.

उशीविभाग सुरू. डायनिंग टेबलावर.

ढिलेपणा मला कोशाच्या कामातही खपत नाही. आमचा शब्दकोश 'ध'पर्यंत रखडला आहे तो मुख्य संपादकांमुळे, माझ्यामुळे नव्हे. कापूस लाटण्याच्या टोकाने ठासून, कोपरे न कोपरे भरून, आठ उशा तयार केल्या. एकीतही पोकळी नाही. हिने एक उचलली आणि टेबलावर सोडली. आवाज आला. मग ही हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. किती दिवसांनी. माझ्या कामाचं असं मनमोकळं कौतुक तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

संकल्प : एकोणीस तारखेला हिच्याबरोबर जाणे. तिला माझा आधार वाटतो. बोलून दाखवत नाही इतकंच.

मंगळवार, १७ मार्च.

व्याख्यान पुढे ढकललं. त्यांनी.

चहा करायला तिथे एक गृहस्थ असतात. बँकेतून निवृत्त. सगळ्या त्यांना बँकवाले म्हणतात. पत्नी या ग्रुपमध्ये होत्या. मागच्या वर्षी गेल्या. हे तरीही दर मंगळवारी येतात, खुर्च्या मांडतात, चहा करतात, कपबशा विसळून पालथ्या घालून जातात. माणसाला निवृत्तीनंतर छंद हवा, हे माझं जुनंच मत.

मागच्या खोलीत गेलो तर टेलरबाई माझ्या उशांची शिवण उसवत होत्या. या टेलरबाई ग्रुपच्या सगळ्या शिवणकामाच्या प्रमुख; बाजारात त्यांचं ब्लाउजचं दुकान आहे. माझ्या आठही उशा उघड्या पडलेल्या. निम्मा कापूस बाहेर. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर त्या म्हणाल्या, तपासून बघतेय हो भाऊ. तपासणी असायलाच हवी. कोशाच्या नोंदीही दोन हातांखालून जातात. निम्मा कापूस पोत्यात परत का भरत होत्या, ते विचारायचं राहिलं.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला स्वयंपाक येतो का? मी म्हटलं, षड्रसांची नावं क्रमाने सांगतो. त्यांनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. त्या बाई म्हणाल्या, मग सोमवार-गुरुवार माझ्याकडे. काय ते कळलं नाही. त्यांच्यातली काहीतरी डब्यांची व्यवस्था असावी. कुणा बिचारीच्या घरची.

गुरुवार, १९ मार्च.

सकाळी ७.०० इस्त्रीचा शर्ट. रजा टाकलेली. पाण्याची बाटली, बिस्किटं, धीराचे दोन शब्द : सगळं तयार.

सकाळी ८.०० दारात सिस्टर. त्यांच्या ग्रुपची रीत अशी की तपासणीला कोणी एकटी जात नाही. एक सोबतीण ठरलेली असते. एकटी जात नाही हे ठीक, पण मी होतो की. हिने चपला घालत सांगितलं, अहो, तुम्ही राहू द्या. मी म्हटलं, रजा घेतली आहे. ती म्हणाली, मग उशा भरा.

यामागे गेल्या वर्षीचा तो प्रसंग असावा. पहिल्या केमोच्या वेळी हिला सुई लावताना मला किंचित भोवळ आली होती. मला आडवं करायला जवळ एकच पलंग होता, तो हिचा. ही स्टुलावर बसली, सलाईनसकट. जेमतेम थोडा वेळ. अशा गोष्टी बायका मनात धरून ठेवतात.

दुपारी एकही उशी भरली नाही.

संध्याकाळी परतली. रिपोर्टला वेळ लागेल म्हणाली. डोळे लाल होते. रस्त्यावर धूळ फार आहे सध्या. सिस्टर खाली गाडीतच बसून राहिल्या, बराच वेळ. इंजिन बंद करून. पेट्रोल वाचवत असाव्यात.

मंगळवार, २४ मार्च.

आज सगळं नीट लिहितो.

टेलरबाई दुकानात गेल्या होत्या. मागच्या खोलीत शिवलेल्या अभ्र्यांचा गठ्ठा होता. भरायला घ्यावे म्हणून चाळले. तळाशी एक दुमडून ठेवलेला. करड्या रंगावर बारीक पांढरी पानं. हा हिचा ड्रेस. मुलीच्या पदवीदानाला घातलेला. त्या दिवशीच्या फोटोत मी डोळे मिटले आहेत, पण ही छान दिसते.

मला भरून आलं. मी तो अभ्रा घेऊन हॉलमध्ये गेलो. सगळ्यांच्या समोर उभा राहिलो. आज व्याख्यानाची परवानगी मागितली नाही. म्हटलं, औदार्य कशाला म्हणतात ते पाहा. माझ्या पत्नीने आपला सर्वांत आवडता ड्रेस कुणा अनोळखी भगिनीच्या उशीसाठी दिला.

भिंतीवर हात टेकून उभ्या होत्या त्या तशाच राहिल्या. सिस्टर खिडकीकडे वळल्या. हिने मान खाली घातली. मी समजलो, माझ्या शब्दांचा परिणाम.

बँकवाल्यांनी माझं कोपर धरलं आणि मला कपबशांकडे नेलं. नळ सोडला. पाण्याच्या आवाजात हळूच म्हणाले, "सर, अभ्रा कुणाच्या कपड्याचा असतो ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मी म्हटलं, अर्थातच. नियम मला पाठ आहेत. त्यांनी मला फडकं दिलं. मी कप पुसले. सगळे कप पुसून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा विसळायला घेतले आणि मी पुन्हा पुसले.

घरी येताना गाडीत ही भाजीचे भाव सांगत होती. मी ऐकत होतो. प्रत्येक नियमाला अपवाद असतो. व्याकरणात तर नियमांपेक्षा अपवाद जास्त. हिने नियम मोडला असेल. ड्रेस घट्ट होत असेल.

बुधवार, २५ मार्च.

ऑफिसात 'धास्ती' या नोंदीवर दिवसभर बसलो. अर्थ, व्युत्पत्ती, उदाहरणं. एकही ओळ झाली नाही. मुख्य संपादकांनी बरं नाही का विचारलं. मी म्हटलं, उदाहरण सापडत नाही.

मुलीला फोन केला, सहज. ती दूर नोकरीला असते. म्हणाली, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येते आहे, रजा मंजूर झाली. मी म्हटलं, वा, काय योग आहे. मग म्हणाली, बाबा, तुम्ही आईशी बोला. एवढंच. आणि फोन ठेवला.

म्हणजे मुलीला माहीत आहे. सिस्टरना, टेलरबाईंना, बँकवाल्यांना. सोमवार-गुरुवार डबा देणाऱ्या बाईंना. त्यांच्या घरच्यांनाही असणार.

संकल्प : उद्या विचारणे. शांतपणे. संयमाने. पुरुषासारखं.

गुरुवार, २६ मार्च.

विचारलं. शांतपणा जमला नाही. संयमही नाही. मी रडलो आणि हिने मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या बाजूला आहे. एकोणीस तारखेला सुईने तुकडा घेतला, शनिवारी रिपोर्ट आला. त्या दिवशी मी हिला पुस्तकांच्या दुकानात चल म्हणत होतो, ती सिस्टरकडे जाते म्हणाली. ऑपरेशन चौदा एप्रिलला. हॉस्पिटल ठरलंय, रक्त ठरलंय, सोबतीण ठरली, डबे तर तपासणीआधीच ठरले होते, मुलगी येणार ते ठरलं.

मला का नाही सांगितलं, असं विचारलं. ती पलंगाच्या कडेला बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अहो, तुम्हाला सांगितलं की आधी तुमचीच समजूत काढावी लागते. या वेळी तेवढं त्राण नाही हो माझ्यात."



मग तिने आणखी एक सांगितलं, अगदी सहज, औषधाची वेळ सांगावी तसं. मी ग्रुपला यायचं म्हटलं तेव्हा तिनेच सिस्टरना फोन केला होता. त्यांच्या हाताला काहीतरी काम द्या म्हणून. सिस्टरनी विचारलं, काय जमतं त्यांना? ही बराच विचार करत राहिली. शेवटी उशा सिस्टरनीच सुचवल्या.

मंगळवार, ३१ मार्च.

ही ग्रुपला गेली. मी गेलो नाही. चौकशीचा फोन आला नाही. व्याख्यान मागे घेतो आहे, असं कळवायचं ठरवलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही.

दुपारी भात लावायचा प्रयत्न केला. तळाला लागला. टेलरबाईंचा डबा आला होता, तो खाल्ला. चांगला होता.

आज संकल्प नाही.

ही यातून वाचणार नाही याची भीती मला वाटते. ती सगळ्यांनाच वाटत असेल; मुलीला वाटते, सिस्टरनाही वाटत असेल, चेहऱ्यावर दाखवत नाहीत. पण माझी काळजी आणखी एक आहे आणि ती मी कुणाला सांगू शकत नाही. उद्या खरंच तशी वेळ आली, तर जे बोलायचं ते ही त्या बायकांशी बोलून घेईल. सगळं व्यवस्थित ठरवेल. आणि मला काहीतरी काम देऊन बाहेरच्या खोलीत बसवेल.

आणि मी बसेन.